सकाळी सातचं रीडिंग

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेलं काम नापास करायचा पगार घेतला. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. तिथे मी इन्स्पेक्शनला होते. माझ्या टेबलावर मायक्रोमीटर, दोन-चार गेज आणि लाल रंगाची एक डबी असायची. जॉब, म्हणजे तयार होऊन आलेला भाग, मापात बसला की एका ट्रेमध्ये, नाही बसला की त्याच्यावर लाल ठिपका आणि दुसऱ्या ट्रेमध्ये. मी कुणाचं ऐकून घेत नसे. सुपरवायझर सांगायला आला तरी त्याच्यासमोर परत माप घ्यायचे, आकडा दाखवायचे आणि ठिपका ठेवायचे. लोक मला पाठीमागे काय म्हणायचे ते मला माहीत होतं, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नसे.

तिथे एक टर्नर होते, लेथवर धातू कातणारे, माझ्याच वयाचे. हात चांगला, पण घाई फार. त्यांचे जॉब माझ्याकडून सारखे परत जायचे. ते कधी भांडले नाहीत. ठिपका बघायचे, जॉब खिशात टाकायचे आणि एकच वाक्य बोलून निघून जायचे, ‘मॅडम, एकदा स्वतः करून बघा.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. पुढे पुढे सवय झाली. पण ऐकलेलं आत कुठेतरी बसतं, ते असं.

कारखाना गुजरातला हलला आणि आम्ही सगळे घरी आलो. टर्नरांनी इस्टेटमध्येच एक छोटा गाळा घेतला. टूलरूममधलं एक जुनं लहान लेथ भंगारात चाललं होतं, तेही त्यांनी उचललं. पण गाळ्यात त्याला जागा होईना. मला कळलं तेव्हा मी काही विचार न करता म्हटलं, ‘माझ्याकडे आणून ठेवा.’ त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. टेम्पोतून ते यंत्र आमच्या दारात उतरलं तेव्हा खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

आमचं घर चारकोपच्याच एका सेक्टरमधलं, वर एक खोली चढवलेलं. खाली पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागे वाढवलेली बारकी जागा, जिथे कपडे धुवायचे. लेथ त्या मागच्या जागेत बसलं. आम्ही नवराबायको वर झोपतो. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या खाली पुढच्या खोलीत खाटेवर असतात. त्या मालवणकडच्या. माझे सासरे गिरणीत होते. पहिल्यांदा लेथ चालू केलं तेव्हा सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, ‘तुझी गिरण सुरू झाली काय गो?’ तेव्हापासून त्या जागेचं नाव गिरण. नवरा जेवताना विचारायचा, ‘आज गिरणीत संप आहे का, पोळ्या गरम आहेत त्या?’

घड्याळच का करायचं ठरवलं, तर त्याला कारण होतं. बुश केली, बोल्ट केला, तर त्याला मायक्रोमीटर लावायचा आणि मीच पास म्हणायचं, यात काही राम नाही. घड्याळ भिंतीवर टांगलं की ते रोज सगळ्यांसमोर स्वतःचं माप देतं. तिथे लपवालपवी चालत नाही. मी टर्नरांना सांगून टाकलं, ‘एक घड्याळ करीन. सगळं हातानं, चाकांपासून. आठवडाभर दिवसाला एक मिनिटापेक्षा जास्त चुकलं नाही तर लेथ माझं. चुकलं तर टेम्पो घेऊन या आणि परत न्या.’ ही अट मला कुणी घातली नव्हती, माझी मीच घातली होती. पण ती मी अगदी मनापासून घातली होती. मला जर एक वस्तू धड मापात करता येत नसेल, तर एकतीस वर्षं मी त्या टेबलावर बसून जे केलं ते कशाच्या जोरावर केलं, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता.

घड्याळाचं ड्रॉइंग इंटरनेटवर मिळालं. करायला चौदा महिने लागले. पितळेच्या पत्र्यातून चाकं कापायची, दात पाडायचे. एकेक दात पाडून झाला की चाक ठरलेलं अंतर फिरवायचं आणि पुढचा दात. पहिल्या चाकाचा शेवटचा दात इतका बारीक आला की हसू आलं. कुठेतरी एकदा फिरवताना माझा हात चुकला होता आणि सगळी चूक येऊन त्या एका दातावर बसली होती. मी डबी शोधून काढली आणि स्वतःच्या जॉबवर लाल ठिपका ठेवला. अशी सात चाकं गेली. लोलकाच्या प्रत्येक हेलकाव्याला चाकाचा एक दात सोडणारा, जहाजाच्या नांगराच्या आकाराचा एक तुकडा असतो, तो मी कानशीने घासून केला. त्यातच पूर्ण पावसाळा गेला. टर्नर कधी रविवारी यायचे, चहा प्यायचे, वाकून बघायचे. पण कशाला हात लावायचे नाहीत. ‘मी हात लावला तर मग ते कुणाचं घड्याळ, मॅडम?’ असं म्हणायचे.

ज्या दिवशी ते टिकटिक करत राहिलं आणि थांबलं नाही, त्या दिवशी मी मागच्या पायरीवर बसून रडले. नवऱ्याला सांगितलं की डोळ्यात कीस गेला.

गिरणीत धूळ आणि तेल, म्हणून ते पुढच्या खोलीत टांगलं. आधीचं भिंतीवरचं सेलचं घड्याळ काढून ठेवलं. नव्याला पेटी नव्हती, काचही नव्हती. तबकडी म्हणजे साधा पत्रा, त्याच्यावर मिनिटांच्या नुसत्या रेघा, आकडेसुद्धा घातले नव्हते. काटे मी पितळेचे केले होते, जाडजूड, कारण पातळ केलेले दोन वेळा वाकले होते. रोज हात लावावा लागणार म्हणून ते माझ्या छातीच्या उंचीवरच टांगलं.

हात कशाला लावावा लागणार, ते सांगते. लोलकाच्या खाली एक नट असतो. तो खाली फिरवला की लोलक लांब होतो आणि घड्याळ हळू चालतं, वर फिरवला की जोरात. माझ्या घड्याळात नटाचा एक फेरा म्हणजे दिवसाला साधारण दोन मिनिटं. मी एक जुनं रजिस्टर काढलं, नवीन पान घातलं. रोज सकाळी सात वाजता फोनवरची वेळ आणि घड्याळाची वेळ लिहायची, फरक काढायचा, काटा बरोबर करायचा, गरज असेल तर नट फिरवायचा. माप एकदाच आणि ठरलेल्या वेळी घ्यायचं, ही कारखान्यातली शिस्त. सातच का, तर आमच्याकडे सहाला पाणी येतं. मी मागे टाकी, पिंपं, कपडे यात असते, त्यातून सुटते तेव्हा सात वाजतात.

पहिलं रीडिंग, दहा मिनिटं पुढे. मला वाईट वाटलं नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटं म्हणजे काही फार नाही. नट पाच फेरे खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं पुढे.

मला वाटलं मी नट उलटा फिरवला. तपासलं, सुलटाच होता. आणखी एक फेरा खाली घेतला. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं पुढे. चौथ्या दिवशी मुद्दाम काहीच केलं नाही, तर दहा. पाचव्या दिवशी वैतागून नट वर घेतला, म्हणजे ते आणखी पुढे जायला हवं, तर दहा. लोलक खाली केला तरी दहा, वर केला तरी दहा. रजिस्टरमधली ती रांग बघून माझं डोकं चक्रावलं. एवढा सारखा आकडा चांगल्या मशीनवरसुद्धा येत नाही. एखाद्या टर्नरने मला असं रजिस्टर दाखवलं असतं तर मी सरळ म्हटलं असतं की तू घरी बसून आकडे भरलेस.

मग शिस्त मोडली आणि मी दिवसा मध्ये मध्ये बघायला लागले. त्याने गोंधळ वाढलाच. सकाळी सातला बरोबर लावलेलं घड्याळ संध्याकाळपर्यंत पाच-सहा मिनिटं मागे पडायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत दहा मिनिटं पुढे. म्हणजे ते दिवसा हळू चालत होतं आणि रात्री धावत होतं. मी याला शास्त्र शोधलं. उन्हाने लोलकाची दांडी लांबते, रात्री गारव्याने आखडते. दोन दिवस मी या शोधावर खूश होते. मग हिशोब करून पाहिला, तर उन्हाने पडणारा फरक फार तर दोन-चार सेकंदांचा निघाला. टर्नरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, ‘मॅडम, दहा मिनिटं म्हणजे दांडी वितळायला पाहिजे.’

दीड महिना हे चाललं. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर मी संशय घेतला, तिच्या हादऱ्यांनी लोलक बिघडत असेल म्हणून. टीव्हीवर घेतला. नवरा म्हणाला, ‘तुझा फोनच मागे असेल.’ मी खरोखर त्याचा फोन आणि माझा फोन शेजारी ठेवून पाहिले. काटा ज्या दांड्यावर बसतो तो तीनदा काढून बघितला. काटा घट्ट होता, पण बोटाने फिरवता येईल इतपत, जसा हवा तसाच. घड्याळ उतरवून सगळी चाकं परत मापली. सगळी मापात होती. सगळे भाग पास आणि सगळे मिळून नापास, असं कसं होईल ते मला कळेना. जेवताना माझा घास हातात राहायचा. सासूबाई म्हणायच्या, ‘गिळ गो, चलतला ता.’ मी त्यांच्यावर खेकसायचे की तुम्हाला यातलं काय कळतं.

मग सासूबाई दोन रात्रींसाठी मुलुंडला माझ्या नणंदेकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं रीडिंग घेतलं आणि मी खाटेवर बसलेच. सोळा मिनिटं मागे. तोवर नट वर-खाली करत करत मूळ जागेपासून आठ फेरे खाली गेला होता. मी तीन फेरे वर घेतला. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं मागे. परत तीन फेरे वर. संध्याकाळी नवरा आईला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हिशोबाने चार मिनिटं मागे यायला हवं होतं. ते दहा मिनिटं पुढे होतं.

मी हात टेकले. मला रागसुद्धा आला नाही, नुसतं थकायला झालं. हे माझ्या हातात नाही, एवढंच त्यातून मला कळलं. मी दुसऱ्याचं मापू शकते, स्वतःचं करू शकत नाही. मी टर्नरांना फोन लावला आणि म्हटलं, ‘रविवारी टेम्पो घेऊन या.’

‘नक्की ना?’ त्यांनी विचारलं.

‘नक्की.’

मला वाटलं आता ते ‘स्वतः करून बघा’ येणार. पण ते म्हणाले, ‘बरं मॅडम,’ आणि फोन ठेवला.

गुरुवारी आमच्याकडे पाणीकपात होती. सहाला मागे काही काम नव्हतं, म्हणून मी सरळ चहा करायला खाली उतरले. सासूबाईंच्या रेडिओवर सहाच्या बातम्या सुरू होत होत्या. आणि सासूबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांची बोटं घड्याळाच्या काट्यांवरून चाचपत फिरत होती. मोठा काटा सापडला तसा त्यांनी तो हळूच पुढे सरकवला, परत चाचपला, आणि समाधानाने हात खाली घेतला. सहा वाजून दहा मिनिटं.

‘आई,’ मी म्हटलं, ‘हे काय करताय?’

‘घड्याळ लावतंय.’

‘रोज लावता?’

‘मगे? तू रोज तेका मागे करून ठेवतंस, मी रोज फुडे करतंय.’ त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. ‘घरातला घड्याळ धा मिनटां फुडेच व्हया गो. तुझ्या सासऱ्याक एकदा दोन मिनटां उशीर झालो, तर गिरणीचा फाटक बंद. दिवस गेलो. तेव्हापासून आमच्या घरातला घड्याळ धा मिनटां फुडे.’

‘आता कुठे गिरण आहे?’

‘गिरण बंद झाली म्हणान माणसा उशिरा उठूक लागली काय? तुझो घोव सात-पंचवीसची बस धरता, ती कोणाच्या भरवशावर?’

मी ओरडले. काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. दीड महिना मी माझ्या घड्याळाचं नव्हे, त्यांच्या रेडिओचं माप घेत होते. रोज सकाळी त्या सहा-दहा लावायच्या आणि तासाभराने मी येऊन मोठ्या गांभीर्याने लिहायचे, दहा मिनिटं पुढे. आणि त्या मुलुंडला गेल्या तेव्हा जे खरं माप आलं, ते मला खोटं वाटलं. कारखान्यात जॉब चुकला की माझा पहिला प्रश्न असायचा, मशीनवर कोण होतं? तो प्रश्न मला माझ्या घरात एकदाही पडला नाही. त्याबरोबर दुसराही एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. त्या एकतीस वर्षांत माझ्या टेबलापर्यंत येण्याआधी कुणाकुणाचा हात कशाकशाला लागला असेल, ते मी कधी विचारलं होतं का? मी फक्त आकडा बघितला होता.

सासूबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘चाय ठेवतंस मा?’

मी टर्नरांना सांगितलं, एक रविवार थांबा. नट उरलेले दोन फेरे वर घेऊन मूळ जागी आणला, जिथून दीड महिन्यापूर्वी सुरुवात केली होती. आणि सासूबाईंसमोर उभी राहून बजावलं, ‘आठ दिवस या घड्याळाला अजिबात हात लावायचा नाही. काट्याला नाही, कशालाच नाही. माझ्या लेथचा प्रश्न आहे.’

‘बरा,’ त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी चाळीस सेकंद मागे. शनिवारी पस्तीस सेकंद. मी आकडा लिहिला आणि परत वाचला. ते पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी कापलेले दात, मी घासलेला तो नांगर, सगळं बरोबर होतं, आणि मीच ते रोज बिघडवत होते. मला हसावं की डोकं आपटावं ते समजेना. रविवारी अडतीस सेकंद. मी भलतीच खुशीत होते. त्या खुशीत बाकी घरात काय चाललं होतं त्याकडे माझं लक्ष नव्हतं. शनिवारी नवऱ्याची बस चुकली. ‘आईने हाक मारली नाही आज,’ तो म्हणाला आणि धावत गेला. सासूबाई दिवसातून दहा वेळा विचारत होत्या, ‘किती वाजले गो?’ मी दोन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी म्हटलं, ‘समोर घड्याळ आहे ना, आई. बघा की.’ त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी मी साडेपाचला खाली आले. दिवा लावला तर सासूबाई खाटेवर बसलेल्या. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, पातळ बदललेलं. ओट्यावर चहा करून झाकून ठेवलेला, त्यावर जाड साय धरलेली. देवापुढचं निरांजन विझून गेलेलं.

‘कधी उठलात?’

‘माका काय म्हायत,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी येतला आता, म्हणान बसलंय.’

‘अहो, पाण्याला वेळ आहे. घड्याळ बघायचं ना.’

‘तूच सांगलंस मा, हात लावू नको म्हणान.’

‘बघायला हात कशाला लागतो?’

त्यांनी मांडीवरचा उजवा हात थोडा वर उचलला आणि हवेतच बोटं फिरवली, मोठा काटा, लहान काटा, जशी गुरुवारी भिंतीशी फिरत होती तशी. मी बघत राहिले. मग मला कळलं.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘झाला वरीस. माणूस दिसता, दार दिसता. काटो दिसणा नाय.’ त्या हळू बोलत होत्या, जणू वरच्या खोलीत ऐकू जाईल. ‘आधीच्या घड्याळाक काच होती. तेच्यावर हात फिरवून काय कळतला? रेडिओ सहाक बोलता, तेच्या आधी माझा मी काय समजू? हे तुझा घड्याळ लागला आणि माका घरात वेळ कळाक लागली. माझ्या झिलाक सांगू नको हां. ऑपरेशन करूक लावतलो.’

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की तीन रीडिंग झाली, फक्त चार राहिली. चार दिवस त्यांना मी उठून वेळ सांगेन. चार दिवसांनी काही बिघडत नाही. एकतीस वर्षं आणि चौदा महिने एका बाजूला, चार दिवस दुसऱ्या बाजूला. मी त्यांच्यासमोर उभी राहून हे मोजत होते, आणि त्या माझ्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. मी काय ठरवतेय याची वाट बघत होत्या.

मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि भिंतीशी नेलं. ‘बघा,’ म्हटलं.

त्यांनी बोटं फिरवली. लहान काटा, मग मोठा. ‘पाच पस्तीस असतीत.’

फोनमध्ये पाच पस्तीसच वाजले होते.

‘फुडे लावू?’ त्यांनी विचारलं. याआधी त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी ‘लावा’ म्हटलं, आणि त्यांनी माझ्यासमोर काटा दहा मिनिटं पुढे सरकवला. त्या दिवशी सातला मी रजिस्टर उघडलं नाही.

नवऱ्याला मी संध्याकाळी सगळं सांगितलं. मी वचन दिलं नव्हतं, पण सासूबाईंनी ते गृहीत धरलं होतं, त्यामुळे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. डॉक्टरांकडे जाऊन डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेतली. मी बरोबर केलं की चूक, हे मला ठरवता आलं नाही. त्या दोन दिवसांतही सासूबाई पहाटे उठून घड्याळ चाचपायच्या आणि बरोबर वेळेला मुलाला हाक मारायच्या. मी गिरणीत बसून पितळेच्या बारा बारीक खुंट्या केल्या आणि तबकडीवर आकड्यांच्या जागी बसवल्या. बाराच्या ठिकाणी दोन बसवल्या, म्हणजे वर कुठे आहे ते बोटाला कळेल.

रविवारी टर्नर आले. बाहेर टेम्पो उभा होता. ते आत आले, घड्याळापुढे उभे राहिले आणि बराच वेळ लोलकाकडे बघत राहिले. मग खुंट्यांवरून बोट फिरवलं. आमच्या घड्याळाला त्यांनी लावलेला तो पहिला हात. मग खिशातून मोबाइल काढला, घड्याळाकडे बघितलं, परत मोबाइलकडे.

‘मॅडम, दहा मिनिटं पुढे आहे.’

‘हो.’

‘आणि आठवड्याचं रीडिंग?’

‘तीन दिवसांचं आहे. पुढे घेतलं नाही.’

‘मग टेम्पो?’

‘रिकामा जाऊ दे. घड्याळ पास आहे.’

माझ्या तोंडून हे निघालं आणि मीच चमकले. अर्ध्या रीडिंगवर मी आयुष्यात कशालाही पास म्हटलं नव्हतं. सासूबाई खाटेवर शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

टर्नरांनी मोबाइल खिशात ठेवला. ते हसतील असं मला वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.

‘एकतीस वर्षांत,’ ते म्हणाले, ‘माझा एक तरी जॉब असा पास केला असतात तर, मॅडम.’

ते रागाने बोलले नव्हते. ते बाहेर गेले, टेम्पोवाल्याला जायला सांगितलं आणि परत आत येऊन खुर्चीवर बसले. मी चहा ठेवायला आत गेले.